भार आणि ताण

सामाईक मालकीच्या वस्तूला धनी अनेक असतात; राखणदार मात्र बहुधा एकच असतो. तो आपले काम मुकाट्याने करीत असतो तोवर तो आहे याची जाणीवही इतरांना नसते. हा विचार आम्हांला एखाद्या ग्रंथाच्या वाचनातून सुचला असता तर सांगायला बरे वाटले असते. वस्तुतः तो सुचला महामार्गालगतच्या एका पाटेवाल्याच्या दुकानात, आमच्या जुन्या पिकअप गाडीच्या मागच्या चाकाशी उकिडवे बसलो असताना. वाचकांनी हसू नये. गाडीचे पाटे ही काही चिंतनाची वस्तू नव्हे हे आम्हांलाही ठाऊक होते. पण त्या दिवशी त्या पाट्यांनी आम्हांला जो प्रश्न विचारला, त्याचे समाधानकारक उत्तर आम्हांला अजून देता आलेले नाही.

आधी गाडीविषयी. स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईत विलीज जीप जुळवायला सुरुवात झाली आणि पुढे त्याच घराण्यातल्या, मागे उघडा हौदा असलेल्या मालवाहू गाड्या महिंद्र कंपनीने बनविल्या. आमच्या वडिलांनी घेतलेली पिकअप त्यांपैकीच एक. जाड पत्र्याची, कर्कश आवाजाची, पण हाक मारताच उठणारी. वसईच्या पश्चिम पट्ट्यातल्या आमच्या वाडीतली केळी, वांगी, दुधी, पडवळ आणि मोसमात फुले तिने स्टेशनापर्यंत आणि बाजारापर्यंत वाहिली. वडील गेल्यावर वाडी आणि गाडी आम्हां चौघा भावांची झाली. त्यांतले आम्ही तिघे मुंबईत नोकरीला. पहाटेच्या लोकलने जायचे, रात्रीच्या लोकलने यायचे. वाडीवर राहिला तो थोरला भाऊ, आमचा दादा. उत्पन्नाची वाटणी चौघांत, कामाची मात्र नाही, असा तो न लिहिलेला करार होता. त्यात अन्याय आहे असे आम्हांला कधी वाटले नाही, कारण दादाने तसे कधी बोलून दाखविले नाही.

गाडी गेली काही वर्षे मागून डावीकडे झुकलेली दिसे. कोणी विचारले की आम्ही म्हणत असू, "म्हातारी झाली आता." म्हाताऱ्या माणसाविषयीही आपण असेच म्हणतो. त्यातला सोयीचा भाग असा, की वयाला जबाबदार धरले म्हणजे दुसऱ्या कोणाला जबाबदार धरावे लागत नाही.

गेल्या पावसाळ्यात दादाच्या कमरेने दगा दिला. मणक्यातली चकती सरकली. डॉक्टरांनी दोन महिने वाकायचे नाही, उचलायचे नाही, गाडी हाकायची नाही असे बजावले. मग आम्ही तिघांनी पाळीपाळीने गाडी चालवायचे ठरविले. पहिल्याच रविवारी ध्यानात आले, की माल भरला की प्रत्येक गतिरोधकावर मागून धाडकन आवाज होतो. आस वर येऊन सांगाड्याखालच्या रबरी ठोकळ्यावर आदळत होता. शिवाय सुकाणू सारखे एका बाजूला ओढत होते. सरळ जायचे तर ते उलट बाजूला धरून ठेवावे लागे. दुसऱ्याच आठवड्यात आम्ही गाडी घेऊन महामार्गावर गेलो.

पाटेवाल्या मिस्त्रींनी बोलण्याआधी मोजले. गाडी सपाट जागी उभी करविली आणि चाकाच्या मध्यापासून वरच्या पत्र्याच्या कडेपर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंनी टेपने घेतले. डावी बाजू उजवीपेक्षा सव्वा इंच खाली होती आणि उजवीही काही फार ताठ नव्हती. मग त्यांनी तारेच्या ब्रशाने पाट्यांवरचा चिखल खरवडला, पाणी मारले आणि आम्हांला वाकून पाहायला सांगितले. डाव्या जुडग्यातला तिसरा पाटा मधल्या बोल्टापाशी आरपार तुटलेला होता. तुटीच्या दोन्ही कडा काळ्या पडल्या होत्या. नवी तूट चकाकते. ही जुनी होती.

"भाऊ, हा तुटून किती दिवस झाले?" मिस्त्रींनी विचारले.

आम्ही तिघे एकमेकांकडे पाहू लागलो. मालक म्हणून कागदावर आमचीही नावे होती, पण त्या प्रश्नाचे उत्तर आमच्यापैकी एकाकडेही नव्हते.

पाट्यांची रचना वाचकांपैकी अनेकांनी पाहिली असेल. विचार मात्र क्वचितच केला असेल. एकाखाली एक रचलेल्या, किंचित कमानदार पोलादी पट्ट्यांचा तो जुडगा असतो. सर्वांत लांब असतो तो मुख्य पाटा. त्याची दोन्ही टोके वळवून डोळे केलेले असतात आणि त्या डोळ्यांनीच तो सांगाड्याला जोडलेला असतो. पुढचा डोळा एका पिनेवर पक्का असतो, मागचा शॅकल नावाच्या झुलत्या कडीवर. कारण भार आला की कमान सपाट होते, सपाट झाली की लांबी वाढते आणि त्या वाढीला जागा लागते. बाकीचे पाटे क्रमाने आखूड होत जातात. सर्वांच्या मधून एक सेंटर बोल्ट जातो आणि इंग्रजी यू अक्षराच्या आकाराचे बोल्ट त्या जुडग्याला आसाशी आवळून धरतात. घोडागाड्यांच्या काळापासून चालत आलेली ही युक्ती आहे. ती केवळ धक्के सोसत नाही. आस जागच्या जागी ठेवणे, ब्रेक दाबला असता त्याला फिरू न देणे हीही कामे तीच करते.

इतक्या पातळ पट्ट्या घेण्याऐवजी एकच जाड पट्टी का घेत नाहीत? हा प्रश्न आम्ही मिस्त्रींना विचारला. ते म्हणाले, "जाड पट्टी वाकत नाही, भाऊ. मग खड्डा तुमच्या पाठीत जातो." शास्त्र हेच आकड्यांत सांगते. पट्टीची जाडी पाचपट केली की तिचा ताठरपणा १२५ पट होतो. तितक्याच जाडीच्या पाच सुट्या पट्ट्या एकावर एक ठेवल्या तर तो केवळ पाचपट होतो. मात्र त्यासाठी एक अट आहे. त्या पट्ट्या एकमेकींवरून सरकल्या पाहिजेत. त्यांच्यामध्ये गंज धरला, चिखल घट्ट बसला की त्या जणू एकच जाड पट्टी होतात. जुडगा अडतो आणि ताण जिथे फट मिळेल तिथे साचतो. आमच्या समुद्राकाठच्या खाऱ्या हवेत हे लवकर घडते. एकत्र बांधलेले असणे आणि एकत्र काम करणे या दोन गोष्टी निराळ्या आहेत, हे आम्ही त्या दिवशी लोखंडात पाहिले.

याहून महत्त्वाची गोष्ट पाट्यांच्या लांबीत आहे. सगळे पाटे सारखे लांब का नसतात? आसाचा रेटा मध्यावर येतो. म्हणून वाक मध्यावर सर्वांत अधिक आणि टोकांकडे कमी. सर्व पाटे सारख्या लांबीचे केले असते तर मध्यभाग जीव तोडून झुंजला असता आणि टोकांकडचे पोलाद नुसते ओझे होऊन लोंबकळले असते. म्हणून मध्याला पाच पट्ट्या, थोडे पुढे चार, त्यापुढे तीन, टोकाला एक अशी उतरंड असते. परिणाम असा, की भार ठिकठिकाणी वेगवेगळा असूनही ताण सर्वत्र जवळजवळ सारखा राहतो.

या ठिकाणी आम्ही थबकलो. भार सारखा नाही, पण ताण सारखा. न्यायाविषयी आम्ही आजवर उलट समजत आलो होतो. सर्वांना सारखे वाटले की न्याय झाला, अशी आमची समजूत. उत्पन्नाचे चार सारखे भाग, खर्चाचे चार सारखे भाग. तुकडे मोजून सारखे. त्या तुकड्याखाली कोण किती वाकतो याची मोजणी मात्र कधीच नाही. मुंबईच्या पगारातून जाणारे हजार रुपये आणि वाडीच्या भरवशावर जगणाऱ्याच्या हातून जाणारे हजार रुपये हा सारखा भार असेल, पण तो सारखा ताण नव्हे. याउलट, आम्ही तिघांनी दादाइतकीच वाडी खणावी असेही कोणी म्हणणार नाही. आम्हांला ते जमणारही नाही. आखूड पाट्याने मुख्य पाट्याइतके लांब व्हावे अशी अपेक्षा नसते. त्याने आपल्या जागी, जिथे वाक सर्वांत जास्त आहे तिथे, खाली उभे असावे इतकीच अपेक्षा असते. आम्ही तिथे नव्हतो.

आता तुटण्याविषयी. पाटा एका मोठ्या धक्क्याने तुटला असेल असे आम्ही म्हणताच मिस्त्रींनी मान हलविली आणि तुटलेला तुकडा पुढे उजेडात धरला. तुटीचा बराचसा भाग शिंपल्याच्या पाठीसारखा, रेघारेघांचा आणि गुळगुळीत होता. एका कडेचा थोडासा भाग तेवढा खरखरीत. रेघांचा भाग म्हणजे चीर हळूहळू पुढे सरकत गेल्याची खूण आणि खरखरीत भाग म्हणजे अखेरचा क्षण.

धातू थकतो, हे माणसाला फार उशिरा कळले. ८ मे १८४२ रोजी व्हर्सायहून पॅरिसला परतणाऱ्या आगगाडीच्या इंजिनाचा आस मोडला आणि पन्नासहून अधिक माणसे दगावली. आस त्या भाराला पुरेसा बळकट होता, मग मोडला का, हे कोडे होते. जर्मन रेल्वेतील अभियंते ऑगस्ट व्होलर यांनी १८५०च्या आणि १८६०च्या दशकांत प्रयोगांमागून प्रयोग करून दाखविले, की एकदा सहज पेलता येणारा भार पुनःपुन्हा आला तर पोलाद मोडू शकते. ताण एका मर्यादेच्या आत राहिला तर मात्र ते जवळजवळ अगणित फेरे सोसते. गंजणाऱ्या पोलादाला तर ही मर्यादेची सवलतही उरत नाही. म्हणजे "काल उचलले, आज का नाही?" हा प्रश्नच चुकीचा आहे. काल उचलले होते म्हणूनच आज नाही. दादाच्या कमरेविषयी आम्ही हाच प्रश्न केला होता, तोही त्याच्या बिछान्याशी बसून.

मिस्त्रींनी आमच्यापुढे तीन मार्ग ठेवले. पहिला, तुटलेला पाटा तेवढा बदलून आणखी एक जादा पाटा घालायचा. दुसरा, जुने पाटे ठोकून पुन्हा कमान आणायची. तिसरा, दोन्ही बाजूंचे संपूर्ण जुडगे नवे बसवायचे. पहिला मार्ग स्वस्त आणि सर्वांचा लाडका. महामार्गावर उभ्या असलेल्या कित्येक मालगाड्यांच्या जुडग्यांत असे वाढीव पाटे असतात. दुसऱ्याविषयी मिस्त्रींनीच प्रामाणिकपणे सांगितले, की ठोकून आणलेली कमान फार टिकत नाही. पोलाद तेच, थकवा तोच. केवळ आकार नवा. पाटा तापवून, तेलात विझवून, पुन्हा बेताने तापवून पाणी चढवावे लागते, आणि ते रस्त्याकडेच्या भट्टीत नीट होत नाही.

आमच्यातल्या एकाचे मत जादा पाट्याच्या बाजूने पडले. त्याचे म्हणणे सरळ होते. पाटे बसले ते भार जास्त झाला म्हणून. तर मग बळ वाढवा. यात चूक कोठे आहे? चूक अशी आहे, की पाटा वाढला म्हणून आस वाढत नाही, सांगाडा वाढत नाही, चाकांचे बेअरिंग आणि टायर वाढत नाहीत. आणि मुख्य म्हणजे ब्रेक वाढत नाहीत. गाडी झुकलेली दिसते तोवर डोळ्यांना निदान सूचना तरी मिळते. जादा पाट्याने ती सूचना बंद होते आणि भार मात्र तसाच राहतो, किंबहुना वाढतो. मग तो ज्याच्यावर कोसळेल तो रस्त्यावरचा कोणी अनोळखी माणूस असेल. मोटार वाहन कायदा, १९८८ यात ठरवून दिलेल्या वजनापलीकडे माल भरण्यास मनाई आहे आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी २०,००० रुपये व प्रत्येक जादा टनामागे आणखी २,००० रुपये दंड आहे. पण कायदा तराजूपाशी पोहोचल्यावर बोलतो. त्याआधी बोलायचे ते आपण.

येथे दुसरी बाजूही मांडली पाहिजे. नाहीतर हा उपदेश फार स्वस्त होईल. जादा माल भरणारा प्रत्येक जण लोभी नसतो. एका फेरीत मावणारा माल दोन फेऱ्यांत नेला तर डिझेल दुप्पट लागते, भाजीचा भाव मात्र दुप्पट मिळत नाही. गाडीचे हप्ते, वाडीची मजुरी, पावसाने सडलेला माल या साऱ्यांचा हिशेब एकाच हौद्यात बसवायचा असतो. बाजारात दोन रुपये कमी करून मागणारे आपणच असतो, आणि त्या दोन रुपयांचे वजन कोणाच्या तरी पाट्यावर पडते. म्हणून हौदा भरणाऱ्या हातालाच दोषी ठरविणे म्हणजे तुटलेल्या पाट्याला दोष देण्यासारखे आहे.

दादाच्या बाबतीत तर हे आम्हांला फारच झोंबले. कारण नंतर आठवले, की दोन वर्षांमागे वार्षिक हिशेबाच्या वेळी त्याने पाट्यांचा खर्च मांडला होता. आम्ही म्हणालो होतो, "पुढच्या वर्षी बघू." पुढच्या वर्षी त्याने पुन्हा मांडला, थोड्या हळू आवाजात. आम्ही पुन्हा तेच म्हणालो. त्यानंतर त्याने विचारले नाही. त्याच्या गप्प राहण्याला आम्ही संमती समजलो.

दादानेही गप्प राहायला नको होते, असे कोणी म्हणेल. ते खरे आहे. सोसण्याचाही एक अभिमान असतो आणि तो नेहमीच सद्गुण नसतो. पण दोनदा बोललेल्या माणसाने तिसऱ्यांदा बोलावे हे त्याचे कर्तव्य मोठे, की दोनदा ऐकलेल्यांनी एकदा वाकून पाहावे हे कर्तव्य मोठे? मिस्त्रींनी बोलण्याआधी टेप लावली होती. आम्ही हातात टेप नसताना बोलत होतो.

आम्ही तिसरा मार्ग घेतला. गाडीचे पुढचे चाक दगडांनी अडविले. यू-बोल्टांच्या गंजलेल्या नटांना आदल्या संध्याकाळीच तेल पाजले होते. सांगाडा लोखंडी घोड्यांवर टेकविला आणि आसाखाली वेगळा जॅक दिला, म्हणजे पाट्यांवर ना गाडीचे वजन, ना आसाचे. मिस्त्रींचा नियम असा, की नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणी जायचे नाही. त्यात मालकालाही सूट नाही. नट सुटले, शॅकल सुटले, पुढची पिन मात्र तासभर हटली. मग जुडगा खाली आला. त्याचे बुश इतके झिजले होते, की पिन त्यात सैल फिरत होती; सुकाणू ओढण्याचे एक कारण तेही होते. प्रत्येक पाट्याच्या टोकाने वरच्या पाट्यात खाच कोरली होती. वर्षानुवर्षे एकमेकांवर घासून पडलेली ती खाच आम्ही बोटाने चाचपून पाहिली.

उजवा जुडगा न तुटलेला होता. तो तसाच ठेवू, असे आम्ही सुचविले. मिस्त्री म्हणाले, "एकच बदलाल तर गाडी दुसरीकडे झुकेल, भाऊ. आणि तो इतके दिवस याचाही भार वाहत होता. तो काय ताजा आहे?" दोन्ही बदलले. यू-बोल्टही नवेच घेतले, कारण एकदा ताणून आवळलेले बोल्ट पुन्हा तशी पकड देत नाहीत. सेंटर बोल्टचे डोके आसावरच्या बैठकीच्या खाचेत नेमके बसले आहे ना, हे त्यांनी दोनदा पाहिले. ते चुकले तर आस तिरपा बसतो. नट एकेक पूर्ण न आवळता समोरासमोरचे थोडे थोडे आवळीत नेले. आणि पिनांचे शेवटचे आवळणे गाडी चाकांवर उभी करून, तिचे वजन अंगावर आल्यावरच केले. रबरी बुश हवेत लोंबकळताना आवळले तर भार येताच पिळवटून लवकर फाटतात. जबाबदारीची शपथ मोकळ्या वेळी घेऊ नये, ओझे अंगावर असताना घ्यावी, असे काहीसे आमच्या मनात आले. पण हात काळे झाले होते आणि मिस्त्री पाना मागत होते.

संध्याकाळी गाडी घरी आणली. दादा काठी टेकीत अंगणात आला, मागे उभा राहून दोन्ही बाजू न्याहाळल्या. मग आमच्यापैकी एकाला गाडी रस्त्यावर थोडी पुढे न्यायला लावून स्वतः शेजारी बसला. परतल्यावर म्हणाला, "इतकी वर्षं ती एकीकडे ओढायची आणि मी दुसरीकडे धरायचो. तुम्हांला वाटायचं, गाडी सरळ चालते." एवढे बोलून तो आत गेला. वहिनी दारात उभी होती. ती काहीच बोलली नाही, आणि त्या न बोलण्याला संमती समजण्याची चूक आम्ही या वेळी केली नाही.

त्या रात्री चौघांनी बसून हिशेब पुन्हा मांडला. माल दोन फेऱ्यांत जाईल. दुसऱ्या फेरीचे डिझेल आम्हां तिघांच्या पगारातून जाईल. आठवड्यातले तीन दिवस पहाटेची फेरी आमच्यापैकी एक जण करील आणि मगच लोकल धरील. चार सारखे भाग यापुढे राहणार नाहीत. हे न्याय्य आहे का, ते आम्ही खात्रीने सांगू शकत नाही. कदाचित उशिरा आलेला न्याय पुरता न्याय नसतोही. दादाची कमर पाट्यांसारखी बदलता येत नाही. पोलादाच्या बाबतीत मनुष्याला जी दुसरी संधी मिळते, ती मनुष्याच्या बाबतीत नेहमी मिळतेच असे नाही.

निघताना मिस्त्रींनी एक गोष्ट बजावली होती. नवे पाटे पाचशे किलोमीटर चालले की एकमेकांवर बसतात आणि यू-बोल्ट थोडे ढिले होतात. तेव्हा येऊन पुन्हा आवळून घ्यायचे. बरेच लोक येत नाहीत, असे ते म्हणाले. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत आम्ही अदमासाने ती तारीख लिहून ठेवली आहे आणि तिच्यापुढे धाकट्याचे नाव. त्यानंतरच्या तपासणीपुढे मधल्याचे.